न मागता आणलेला ठोंब

२ ऑगस्ट

आले एकदाची! टेम्पोवाला शेवटचं खोकं दारात टेकवून गेला, मी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि एकटीच हसले. माती. घराला लागून, माझी म्हणता येईल अशी माती. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर सगळा संसार झाला आणि बाग म्हणजे काय, तर ग्रिलमध्ये टांगलेली तुळस आणि रंगाच्या डब्यातला पुदिना. ग्रिलला पाणी घातलं की खालच्या साठेकाकू वाळत घातलेल्या साड्यांवरून ओरडायच्या. आता सोसायटी पाडून नवी उठेपर्यंत आम्ही सगळे इकडे-तिकडे पांगलो आहोत. साठेकाकू मुलाकडे ठाण्याला गेल्या. मी इथे, शीळफाट्याच्या रस्त्यावरून आत, जुन्या गावठाणात. चारी बाजूंनी टॉवर उठलेत आणि मध्ये हे गाव अजून कोंबड्या पाळून बसलं आहे.

घरमालक धनेश भोईर. गळ्यात जाड साखळी, आवाज मोठा, स्वभाव त्याहून मोठा. म्हणाले, मॅडम टेन्शन नाय घ्यायचं, पाणी चोवीस तास, आणि मागच्या जागेत काय लावायचं ते बिनधास्त लावा. त्यांची बायको कल्पिता भाकरी आणि सुकटीची चटणी देऊन गेली आणि तुम्ही एकट्याच का, असं विचारून मग स्वतःच ओशाळली. मी सांगितलं, नवरा, विनीत, जाऊन तीन वर्षं होतील, मुलगी सान्वी बंगळूरला नोकरीला आहे. हे वाक्य आता मला न अडखळता म्हणता येतं.

कुंड्या मागच्या ओट्यावर मांडल्या. तुळस प्रवासात जरा मान टाकून आहे.

४ ऑगस्ट

सकाळचे वर्ग नीट झाले. परदेशातल्या मुलांना मी संगणकावरून मराठी शिकवते. त्यांची संध्याकाळ ती माझी सकाळ. न्यू जर्सीच्या देवेशला मागच्या दाराबाहेरची कोंबडी दाखवली, तर तो पुढचा अर्धा तास कोंबडीखेरीज कशावर बोलायलाच तयार नाही.

आज एक गंमत केली. मागच्या जागेला गुडघ्याएवढी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे एक बैठं, पत्र्याचं, बंद घर. अंगण रान झालेलं, पण मधोमध गवती चहाचा एवढा मोठा ठोंब, की मी उभी राहिले तर कमरेला लागेल. वारा आला की इकडे वास. कुणाचं घर ते ठाऊक नाही, विचारायला कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विचारायचंही नव्हतं. आई म्हणायची, रोप मागून आणलं की रुसतं, गुपचूप आणलं की जोमानं धरतं. आमच्या माहेरच्या गॅलरीतली निम्मी झाडं अशीच आलेली. कुणाच्याही घरी हळदीकुंकवाला गेली की आई पर्समध्ये एक फांदी घेऊनच उतरायची.

तर मी भिंत ओलांडली. सत्तेचाळिसाव्या वर्षी, गाऊनवर. खुरप्याने कडेचा एक ठोंब मुळासकट सोडवला आणि चोरासारखी परत आले. पात्याने बोट कापलं. आमच्या ओट्याजवळ खड्डा करून लावला, पाणी घातलं आणि सान्वीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आई, तुला पहिल्याच आठवड्यात हाकलून देतील.

१६ ऑगस्ट

ठोंब धरला! मधून हिरवीगार नवी पाती आली आहेत. आज त्याचा पहिला चहा केला. चार पाती कात्रीने बारीक चिरून, पुदिन्याची एक डहाळी, तुळशीची पानं, आल्याचा तुकडा ठेचून. चहापूड नाही, दूध नाही. पाणी अर्धं आटेपर्यंत उकळायचं, झाकण ठेवून गॅस बंद करायचा आणि थांबायचं. हे थांबणंच महत्त्वाचं. विनीतला कधी जमलं नाही, तो लगेच झाकण काढून बघायचा.

पाणी मात्र मी अजून दोन कपांचं ठेवते. हात तसाच मोजतो. दुसरा कप समोर ठेवला आणि माझा संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मग तोही मीच प्यायले.

दुपारी चारची वेळ सगळ्यात वाईट असते. सकाळी वर्ग असतात, रात्री झोपेची वाट बघता येते. चार वाजता कुणीतरी यायचं असतं आणि येत नाही. आज मात्र तसं वाटलं नाही. कप हातात असताना घर भरल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीत कुणीतरी आडवं झालं आहे, आता उठेल, असं. छान वाटलं.

२४ ऑगस्ट

रोज चार वाजता चहा होतो. मी दिवसभर त्या वेळेची वाट बघते, हे मला आज कळलं.

एक विचित्र गोष्ट. चहा गाळताना भांड्यात चिरलेली पाती नव्हतीच. आख्खी पाती होती, तीनदा दुमडून, मध्ये पीळ देऊन गाठ मारलेली, केसांचा अंबाडा घालावा तशी. म्हणजे उकळल्यावर एका चमच्यात उचलून टाकता येतात. सोयीचं आहे. पण मी असं कधी केलेलं नाही. कात्री खिळ्यालाच होती.

असेल. हात कुठूनतरी शिकतात.

३० ऑगस्ट

धनेशकडे गणपतीला बोलावलं होतं. घरभर माणसं, उकडीच्या मोदकांची ताटं, पोरांचा दंगा. मी खूप महिन्यांनी इतक्या माणसांत बसले. धनेशची आई रखमाबाई कोपऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. मोदक वळायला मीही बसले आणि वळता वळता काहीतरी गुणगुणत होते म्हणे. मला ते लक्षातही आलं नाही. रखमाबाईंचे हात थांबले. त्यांनी विचारलं, ह्यो धवला तुला कुनी शिकवला गो?

मी म्हटलं, कसला धवला? कल्पिताने समजावलं, धवले म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली गाणी. हळदीपासून पाठवणीपर्यंत धवलारीण म्हातारी ती म्हणत असते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. मग ती हसून म्हणाली, आमच्या गावची धवलारीण तुमच्याच शेजारची, भिंतीपलीकडची गंगुबाई. धनेशची चुलती. दोन वर्षांपूर्वी वारली. कुठल्यातरी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं असेल तुम्ही.

गंगुबाईची हकीकतही कल्पितानेच सांगितली. नवरा मिठागरावर, तो लवकर गेला. एकुलती मुलगी निशा, ती टिटवाळ्याला दिली. एवढंसं अंतर, पण संसार, नोकरी, पोरांची शाळा. येते येते म्हणायची आणि राहून जायचं. गावातल्या सगळ्या पोरी जिने गाऊन सासरी धाडल्या, तिच्या दारात स्वतःची पोर येईना. म्हातारी रोज चार वाजता दोघींपुरतं पाणी चुलीवर ठेवायची. गेली तीही त्याच वेळेला. शेजाऱ्यांना करपल्याचा वास आला, आत बघितलं तर भांडं कोरडं, त्यात पाती जळून काळी झालेली आणि म्हातारी भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसलेली.

दोघींपुरतं पाणी. घरी येईपर्यंत माझ्या मनातून ते जाईना.

९ सप्टेंबर

मिठागर मी कधी पाहिलेलं नाही. गाडीतून लांबून, तेवढंच. पण आज कप हातात असताना मला ते आठवलं. पाहिल्यासारखं नाही, आठवलं. टाचेच्या भेगेत खारं पाणी शिरतं तेव्हा आधी थंड लागतं आणि मग आग होते. डोक्यावरच्या टोपलीतून ओघळ मानेवर येतो. कुणीतरी पुढून हाक मारतं, हसतं. मी त्या हसण्याला ओळखत होते आणि मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

मी घाबरायला हवं होतं. पण विनीत गेल्यापासून मला असं कुणी हाक मारलेलं नाही.

१८ सप्टेंबर

देवेशच्या आईचा मेसेज. फार सभ्य. देवेश हल्ली ‘पानी’, ‘आनि’, ‘माजा’ म्हणतो, त्याच्या पुण्याच्या आजीने विचारलं की ताई नेमकं कुठलं मराठी शिकवतात. काही दिवस ब्रेक घेऊ या का? मी वर्गाचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. पडद्यावर मी आहे, माझा निळा ड्रेस, माझा चष्मा. बोलणं माझं नाही. रखमाबाई बोलतात तसं. आणि मी ते मुलांना इतक्या मायेने सांगते आहे, की मलाच पडद्यावरच्या त्या बाईजवळ जाऊन बसावंसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन पालकांनी वर्ग थांबवले. सकाळ पण आता चार वाजल्यासारखी होणार.

२५ सप्टेंबर

सान्वीचा फोन. दिवाळीला येते आहे, सुट्टी मिळाली. मी आनंदाने काय काय बोलले. मग ती म्हणाली, आई, तू मला तिसऱ्यांदा निशा म्हणालीस. कोण ही निशा? तिने हसण्यावारी नेलं, म्हणाली, एवढ्यात दुसरी मुलगी शोधलीस पण?

फोन ठेवल्यावर मी मुद्दाम आठवायला बसले. सान्वी कुठल्या दवाखान्यात झाली? डोंबिवलीतच, पण कुठे? विनीतने बाहेर पेढे वाटले, हे त्याने मागाहून सांगितलं म्हणून ठाऊक आहे. पण तिला पहिल्यांदा हातात दिलं ते — तिथे काही नाही. तिथे चूल आहे, कुडाच्या भिंती आहेत, सुईण म्हणते आहे, पोर झाली गो, काळीसावळी, गोड. ती सान्वी नव्हे.

जागा रिकामी होते आहे आणि लगेच भरते आहे. म्हणून मला एकटं वाटत नव्हतं.

२६ सप्टेंबर

रखमाबाईंकडे गेले. सरळ सगळं सांगितलं. भिंत ओलांडल्याचं, आईच्या रिवाजाचं. त्यांनी आधी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, या गावात ज्याच्या त्याच्या परसात गवती चहा आहे तो गंगुबाईच्याच ठोंबाचा. पण प्रत्येकीने तो मागून आणला. मागायचा, आणि नव्या जागी धरला की त्याचा पहिला चहा करून ज्याचा ठोंब त्याला नेऊन पाजायचा. तोवर घरात कुणी तोंडाला लावायचा नाही. सगळ्या गावाचा पहिला चहा ती म्हातारी प्यायली आहे. ती गेल्यापासून त्या अंगणातून कुणी काडी आणत नाही, कारण चहा न्यायचा कुणाकडे?

मी विचारलं, आणि न मागता आणला तर? त्या म्हणाल्या, तं ती तिचा चाय प्यायला तुज्याच घरा येनार. मग माझ्या हाताकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, वाईट नव्हती गो ती. एकटी होती.

मला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

२७ सप्टेंबर

चहा केला. गाठ मारून. थेंबही न पिता कप भिंतीपलीकडे तिच्या बंद दारात नेऊन ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, गंगुबाई, चुकलं माझं, हा तुमचा कप. परत येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. तोंडात चव होती. गरम, ताजी. जिभेला चटका बसला होता. मी जाऊन पाहिलं, दारातला कप रिकामा.

२९ सप्टेंबर

मनात आलं, ती नाही तर तिची मुलगी आहे. वारस आहे. पहिला चहा तिने घेतला तर फिटेल. रखमाबाई म्हणाल्या, बघ बाय. कल्पिताकडून पत्ता घेतला, थर्मास भरला आणि टिटवाळ्याला गेले.

नवी इमारत, लिफ्टला अजून प्लास्टिक. निशाने दार उघडलं. माझ्याच वयाची, ऑफिसमधून नुकतीच आलेली, खांद्याला पर्स तशीच. मी काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं. मी गावातून आले आहे, तुमच्या आईच्या ठोंबाचा हा चहा, तुम्ही एक घोट घ्या.

ते मी बोलले नाही. मी काय बोलले ते मला ऐकू आलं, पण उशिरा, दुसऱ्या खोलीतून ऐकू यावं तसं. चार वाजून गेलं निशू. कवाची वाट बगतंय.

तिचा चेहरा. मी तो विसरू शकणार नाही, आणि हल्ली मी सगळंच विसरते. तिने पर्स छातीशी धरली. कोण तुम्ही, असं सुद्धा विचारलं नाही. हळूहळू दार लावलं आणि दारामागे ती रडत होती, लहान मुलं तोंडात ओढणी घेऊन रडतात तशी. मी बाहेर दाराला हात लावून उभी होते. चहा तसाच.

रिक्षात सगळी वाट माझा जीव तुटत होता. निशू बारीक झाली. निशूच्या डोळ्यांखाली काळं झालं. घरी आल्यावर पाहिलं, सान्वीचे फोन येऊन गेले होते, बरेच. सगळ्या वाटेत मला सान्वी एकदाही आठवली नव्हती.

३ ऑक्टोबर

चहा बंद केला आहे. डोकं दुखतं. पण आठवायला लागलं. दवाखान्याच्या खिडकीबाहेर गुलमोहर होता. परिचारिका म्हणाली होती, बाळाचे कान बापावर गेलेत. देवा, आठवलं.

सान्वीला हा चहा द्यायचा नाही. काहीही विसरले तरी हे विसरायचं नाही.

६ ऑक्टोबर

आठवतं तेव्हा सगळंच आठवतं. विनीतचा शेवटचा महिनाही. त्याचे पाय सुजलेले. तो मला विनू म्हणायचा. माझं माहेरचं नाव नयन. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने विनिता लिहिलं, सगळे हसले, विनीतची विनिता. पहिले काही महिने विनिता म्हणून हाक आली की मी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतात. मग ओ द्यायला लागले. मग नयन कुठे गेली ते मी कधी पाहिलंही नाही. माणूस इतकं सहज जातं. कुणी मायेने हाक मारली की पुरे.

चार वाजता घर इतकं रिकामं आहे की फ्रिजचा आवाज बंद झाला तर दचकते. वर्ग नाहीत. साठेकाकूंना फोन केला. त्यांच्या नातवाने उचलला, म्हणाला आजी झोपली आहे.

९ ऑक्टोबर

एक कप. एकच कप प्यायले. मला कुणीतरी हवं होतं.

कुणी जबरदस्ती केली नाही. हे लिहून ठेवते.

१२ ऑक्टोबर

ठोंब उपटला. मुळं बोटांएवढी जाड झाली होती. दोन्ही हात चिरले. भिंतीपलीकडे फेकून दिला, तिच्या अंगणात, तिचा तिला.

१३ ऑक्टोबर

ठोंब ओट्याजवळ आहे. माती ताजी, पाणी घातलेलं. माझ्या नखांत माती. आणि मी उठले तेव्हा मला छान वाटत होतं, काम नीट झाल्यासारखं.

कल्पिता डोकावून गेली. म्हणाली, ताई, आमच्याकडे राहायला या दोन दिवस, तुमचा रंग उडालाय. मी म्हटलं, नाय गो, निशू येनार हाय, घर बंद कसं ठेवू. ती गेली. पळतच गेली.

सान्वी. सान्वी येणार आहे. सान्वी.

१५ ऑक्टोबर

तिला येऊ नको सांगायचं म्हणून फोन हातात घेतला. नाव सापडेना. कुठल्या अक्षराखाली बघायचं — यादीत खूप नावं आहेत, सगळी अनोळखी. एक फोटो आहे. चष्मा, छोटे केस, हसणारी. गोड पोर आहे. कुणाची?

मागून आठवलं. लगेच फोन लावला. तिने विचारलं काय झालं आई, रडतेस का. मी म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, आता तर येणारच.

किती बरं वाटलं मला. हेच ते. हेच वाईट आहे — मला किती बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर

रखमाबाई आल्या होत्या. दारातच थांबल्या. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाली, गंगे, सोड तिला. ती कुणाकडे बघते आहे ते बघायला मी मागे वळले. मागे कुणी नाही.

मग मीच ओ दिली.

१७ ऑक्टोबर

तिला द्यायचा नाही. तिला द्यायचा नाही. स — चष्मा, छोटे केस. तिला —

हात दुखतो. पाती कापतात. दारात कंदील लावला. पोरीला आवडतो.

कुठल्या पोरीला

१८ ऑक्टोबर

आज पानी लवकर ठेवलं. दोघींपुरतं. पाती दुमडली, गाठ मारली. झाकन काढायचं नाय, थांबायचं. तवर लिहिते. लिहायची सवय हाय कुनाची तरी, हाताला ती लागली.

मघाशी दार वाजलं. एक पोर उभी, पाठीला मोठी बॅग, चष्मा. लांबून आयलेली दिसते. मना बगून गळ्यातच पडली, आई आई करून. रडतेय काय, हसतेय काय. मी म्हटलं, बस गो बाय, दमलीस. तिने माझे हात बघितले, चिरलेले. म्हणाली, आई, काय केलंस हे. चांगली पोर हाय. निशू नाय, पन आयली तरी. चार वाजता कुनीतरी आयलं.

इथं टेबलाशी माझ्यासमोर बसलीय. कानाची पाळी चोळते सारखी. तसं कुनीतरी करायचं, ज्याचे पाय सुजले होते तो — कान बापावर गेलेत —

वास आला बग. झालाय. घरभर वास. ती म्हणते, मस्त वास येतोय, हाच का तुझा चोरीचा चहा.

दोन कप भरले. एक तिच्याकडे सरकवला.

काहीतरी होतं. हा चहा कुणाला तरी द्यायचा नव्हता. नक्की होतं, मी मोठ्याने म्हटलं पण होतं कितीदा. कुणाला ते —

तिने कप उचलला. फुंकर घालते आहे. तिचा चष्मा वाफेने पांढरा झाला आणि ती हसली, आणि खिडकीबाहेर गुलमोहर — सान्वी, नको, तो कप खाली